लिहिण्याचा अधिकार

"हळू गं पोरी, सर्व्हर काही पळून नाही जायचा." नोकरीच्या पहिल्या दिवशी ती घाईघाईने कळा दाबत होती, तेव्हा नकाशेकाका असं म्हणाले होते. बारा वर्षं झाली. कानात तो आवाज अजून ऊबदार होता. समोर बसलेल्या काकांचा आवाज मात्र विझत आला होता.

शहराचं पाणी जमिनीखालून कुठून कुठे जातं, ते काका नकाशात काढत. नकाशे सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये असत. ते कुणी नुसते पाहायचे आणि कुणी बदलायचे, याच्या किल्ल्या तिच्याकडे.

तीन आठवड्यांपूर्वी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. काम बाहेरच्या कंपनीला दिलंय. काकांना नकाशे पाहू द्या, बदलू देऊ नका. दोन महिन्यांवर निवृत्ती आलीय, सांगून म्हाताऱ्याचं मन कशाला मोडायचं, असंही वर म्हणाले. तिने यादीत काकांच्या नावापुढच्या चौकोनातली खूण पुसली, झालं. तोंडात मिठाची गुळणी धरून ती जागेवर येऊन बसली.

काका रोज रेघा काढत राहिले. जतन करताना पडद्यावर एक पाटी यायची, ते न वाचताच ती मिटवायचे. दुरुस्त्या त्यांच्याच मशीनच्या तात्पुरत्या कप्प्यात पडायच्या आणि संध्याकाळी मशीन बंद झालं की पुसल्या जायच्या. सकाळी पाहावं तर नकाशा जुनाच.

आधी ते हसले. साठी बुद्धी नाठी, दुसरं काय. मग काढलेली प्रत्येक रेघ कागदावर टिपून ठेवू लागले. कागदावर नळ असायचा, नकाशात नसायचा. तिला विचारलं की ती म्हणायची, सर्व्हर थकलाय काका. त्यावर ते मान डोलवायचे, पण विश्वास सर्व्हरवर ठेवायचे, स्वतःवर नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत ते खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. डबा उघडलाच नव्हता. त्यांचा थोरला भाऊ शेवटी शेवटी स्वतःच्याच दारात उभा राहून घराचा पत्ता विचारायचा, हे त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं.

"नातीला शाळेतून आणायचं सोडलंय मी. सुनेला म्हटलं, गुडघा धरलाय. गुडघ्याला काय धाड भरलीय? वाटेत पोरीचा हात सोडला आणि तसाच घरी आलो तर, गं?"

तिचं लक्ष पडद्यावर गेलं. यादीत काकांचं नाव, पुढचा चौकोन रिकामा. गुपचूप खूण परत केली तर उद्यापासून रेघा टिकतील, साहेबांना कळायलाही वेळ लागेल. पण गेलेले तीन आठवडे या माणसाच्या डोक्यात तसेच कुजत राहतील, आणि ती पोर शाळेच्या फाटकाशी आजोबांची वाट पाहत राहील.

काचेपलीकडे साहेब फोनवर बोलत होते. तिने आवाज खाली केला नाही.

"काका, तुम्ही काहीच विसरला नाहीत. एकेक रेघ तुम्ही काढली होतीत. तुमचा लिहिण्याचा अधिकार काढून घेतलाय, आणि तो मी काढलाय, माझ्या हातांनी. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, आणि मी तीन आठवडे तुमच्याशी खोटं बोलले."