दिसता कामा नये

"बाबा, या कपड्यांत मी पहिल्याच दिवशी शत्रूला दिसले असते," लेक म्हणाली आणि तिने ती बोटभर उंचीची बाहुली टेबलावर परत ठेवली.

दातवाल्यांचा चेहरा पडला. जन्मभर कवळ्या बनवल्या म्हणून गल्ली त्यांना दातवाले म्हणायची. निवृत्तीनंतर हाताला चैन पडेना, तेव्हा त्यांनी छोटे सैनिक रंगवायला घेतले आणि बघता बघता कपाट भरलं. ही बाहुली मात्र खास होती. लेक फौजेत होती, रजा संपवून उद्या सरहद्दीवर निघायची होती आणि बाहुली हुबेहूब तिच्यासारखी होती. नाकसुद्धा तिचंच, जरा बसकं. गणवेशावरचे हिरवे, मातकट, काळे चट्टे त्यांनी भिंगातून बघत अगदी जीव ओतून काढले होते.

"चुकलं काय?" त्यांनी विचारलं.

"चुकलं काहीच नाही. पण चट्टा न् चट्टा उठून दिसतोय. आमचे कपडे धुऊन धुऊन विटतात, गुडघ्याला माती बसते. लांबून सगळं एकच होतं."

"मग कपाटात ठेवल्यावर दिसायचं काय?"

"अहो, न दिसण्यासाठीच असतात ते कपडे," बायको आतून म्हणाली. "कवळी ओळखू आली की काम फसलं, हे तुम्हीच सांगायचात ना?"

दातवाल्यांनी बाहुली उचलून पुन्हा पाहिली. कुणी म्हातारा चारचौघांत मनमोकळा हसला आणि कुणाला काही कळलं नाही, की ते मनातल्या मनात खूश व्हायचे. पोटच्या पोरीला मात्र त्यांनी नजरेत भरेल असं रंगवलं होतं. ती रोज डोळ्यांसमोर हवी होती, दुसरं काय!

त्यांनी ब्रश उचलला. मातकट रंगात पाणी घालून तो अंगभर फिरवला, चट्ट्यांच्या कडा बुजवल्या, गुडघ्यांना कुंडीतली माती चोळली. लेक शेजारी बसून सांगत होती, "खांदे अजून विटवा, ऊन तिथंच लागतं." चहा गार झाला. बापलेक इतकं बोलत कधी बसले नव्हते.

"लोकांच्या पोरी माहेरी येऊन आराम करतात," बायको म्हणाली. "आमची बाहुलीचे कपडे मळवत बसलीय."

तिघंही हसली.

सकाळी लेक गेली. दातवाल्यांनी बाहुली गॅलरीतल्या शेवाळलेल्या कुंडीत पानांखाली उभी केली. थोड्या वेळाने बायको झारी घेऊन आली.

"अहो, ती कुठाय? कपाटात नाही."

"कुंडीत आहे."

तिने वाकून पाहिलं, पानं बाजूला केली. "मला नाही बाई दिसत."

दातवाल्यांनीही पाहिलं. स्वतःच्या हाताने ठेवलेली, पण त्यांनाही ती सापडेना. त्यांनी घाईघाईने आणखी दोन पानं बाजूला केली, आणि मागोमाग त्यांना बरंही वाटलं.

"शोधू नकोस," ते म्हणाले. "तिथंच आहे ती."

बायकोने मान डोलावली आणि कुंडीला कडेकडेने, हलक्या हाताने पाणी घातलं.