निळा काठ

सृष्टी झोपली की आम्रपालीच्या खोलीचा कारखाना व्हायचा. तोवर ती नुसती खोली असायची, ओल्या दुपट्यांची आणि सांडलेल्या मऊभाताची. एकदा पोरीचा श्वास संथ लागला की ओट्यावरची भांडी खाली यायची, खिडकीपाशी पोळपाट मांडला जायचा, त्यावर पुठ्ठ्याची बाई उभी राहायची आणि तीन डब्यांच्या उतरंडीवर मोबाइल चढायचा. वेळ एक ते अडीच. नाणेकरवाडीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावर ऊन तेवढाच वेळ सरळ यायचं. नंतर समोरच्या इमारतीची टाकी आडवी यायची.

पुठ्ठ्याच्या बाईचा हात तिळाएवढा सरकवायचा, फोटो काढायचा. परत तीळभर, परत फोटो. असे बारा झाले की पडद्यावर एक सेकंद. बाई पदर खोचते एवढं दाखवायला दोन दुपारी जायच्या. नवरा, धम्मरत्न, गाड्यांच्या कंपनीत होता. तो म्हणायचा, "आमच्याकडं एवढ्यात अख्खी गाडी उभी राहते बघ, आणि तुझी बाई अजून पदरच खोचतीये."

"तुमच्याकडं शंभर माणसं आहेत. माझ्याकडं एक, ती पण झोपेतून उठली की रडते."

सृष्टी व्हायच्या आधी आम्रपाली शाळेत चित्रकला शिकवायची. शाळा सुटली, हात सुटले नाहीत. मग हे चॅनल. इमारतीतल्या, वाडीतल्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी, त्यांच्याच आवाजात, पुठ्ठ्याच्या माणसांकडून. वॉचमनची हरवलेली छत्री, मेस चालवणाऱ्या भाग्यश्रीताईंची पहिली जळलेली भाजी. प्रत्येक गोष्ट बघणारे दोनशेच्या आसपास. त्यातले चाळीस वेळा तर पिंपरीहून तिचा भाऊ बुद्धभूषणच बघायचा, आणि दरवेळी नव्यानं अंगठा द्यायचा.

'टोकन' मात्र वेगळंच निघालं.

ती गोष्ट खालच्या मजल्यावरच्या कस्तुरामावशीची. मावशी मूळची खेडकडच्या गावची, कंपनीत पॅकिंगला, कंत्राटावर, सात वर्षं. एकदा जिन्यात मेथी निवडता निवडता ती सहज बोलून गेली होती, "आमच्या लाइनवर बारा बाया आन लाकडाचं टोकन एकच. त्ये खिळ्यावर असलं तरच बाथरूमला जायचं. न्हाई तर उभं ऱ्हायचं, पाय आवळून." मेथीच्या काड्या तिनं शांतपणे बाजूला केल्या होत्या. आम्रपालीचा हात मात्र थांबला होता.

"मावशी, हे बोलाल मला? चेहरा नाही, नाव नाही, कंपनीचं नाव नाही. पुठ्ठ्याची बाई बोलेल."

"बोलंल की. पुठ्ठ्याच्या बाईला कोन काढनार कामावरनं?"

आवाज घुमू नये म्हणून दोघी गोधडीखाली शिरल्या होत्या, भर एप्रिलात. "बोला मावशी." "काय बोलू, गुदमारले की! मेले तर त्ये बी रेकॉर्ड कर." ते हसू तिनं व्हिडिओत तसंच ठेवलं होतं.

पुठ्ठाही मावशीच आणायची. मालाच्या थरांमध्ये घालायचे पातळ ताव असतात, माल निघाला की ते भंगारात जातात. त्यातला एखादा घडी होऊन मावशीच्या डब्याच्या पिशवीतून यायचा. गेटपासशिवाय कंपनीतून भंगारही बाहेर न्यायचं नसतं, हे दोघींना ठाऊक होतं. म्हणूनच त्यावर दोघी कधी बोलल्या नव्हत्या. आम्रपाली घरी तावावरचे स्टिकर ओल्या फडक्यानं सोलायची, छापलेली बाजू आत घ्यायची आणि मगच कात्री लावायची.

व्हिडिओ टाकून पाच दिवस झाले होते. आकडा एकतीस हजारांवर गेला होता. आम्रपालीला आनंद झाला होता, पण दमलेल्या माणसाला होतो तसा. ताटात वाढलंय, पण हात उचलवत नाही. सृष्टीचे दात येत होते. सलग तीन तास झोप कधी लागली होती ते आठवत नव्हतं. बायकांच्या कमेंटी ती वरण ढवळता ढवळता वाचायची आणि एकीलाही उत्तर लिहायचं राहून जायचं.

त्या दुपारी पावणेदोनला दारावर हलकीशी टकटक झाली. आम्रपालीनं बोट ओठावर ठेवतच दार उघडलं. दारात कस्तुरामावशी. कंपनीचा निळा कोट अजून अंगावर. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. म्हणजे ही घरी यायची वेळ नव्हती.

"बरं नाही का मावशी?"

"मला काय धाड भरलीय." मावशी पोरीकडं बघून आत आली आणि भिंतीला टेकून बसली. "पानी दे."

पाणी पिऊन झालं तरी तांब्या तिनं खाली ठेवला नाही.

"ओंकारनं धाडलं. सुपरवायझरनं. म्हनला, अर्धी सुट्टी टाक आन आत्ताच्या आत्ता जा त्या बाईकडं. रिक्षानं आले."

"आवाज ओळखला ना?"

"आवाज तर सगळ्या लाइननं वळखला! सोमवारी जेवायच्या सुट्टीत धा मोबाइलवर मीच बोलत व्हते. बाया म्हनल्या, कस्तुरे, हिरोइन झालीस. पन आवाजाचं काय, माझा न्हाई म्हनून हात वर करता येत्यात. त्यो स्टिकर न्हाई नाकारता येत."

"कुठला स्टिकर?"

"शेवटाला. बाई पाठ फिरवती तवा. खाली, लुगड्यापाशी. लाइन चार, तारीख, समदं हाय. एचआरच्या मॅडमनी मोठा करून बघितला. म्हंजी माल भाईर गेला. म्हंजी चोरी."

आम्रपालीनं डब्यांवरचा मोबाइल उचलला. एक वाजता लावलेला कोन मोडला, आजचं सगळं काम वाया गेलं. ते तिच्या ध्यानात आलं आणि लगेच निघूनही गेलं. तिनं व्हिडिओ शेवटाकडं ओढला. पुठ्ठ्याची बाई टोकन हातात घेऊन पाठमोरी चालली होती. पायाशी पांढऱ्यावर निळी पट्टी. पट्टीत बारीक अक्षरं.

तिला तो दिवस आठवला. सृष्टीला ताप होता. ऊन टाकीकडं सरकत होतं. पाठमोरी बाई नव्यानं कापावी लागली होती. स्टिकर राहिलाय हे तिनं बघितलं होतं. नीट बघितलं होतं. आणि बघून तिला छान वाटलं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "मला दिसला होता तो. मला तो काठ वाटला. साडीचा. म्हणून ठेवला."

मावशीनं मोबाइल हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला. बराच वेळ बघितलं.

"व्हय की," ती म्हणाली. "काठच दिसतोय. ग्वाड दिसतोय." मग मोबाइल परत देत म्हणाली, "पन मॅडमला न्हाई वाटला त्यो काठ."

सृष्टीनं झोपेत कूस बदलली.  पोरगी परत शांत झाल्यावर मावशी आणखी हळू आवाजात बोलू लागली.

"ओंकार वाईट न्हाई गं. त्यो बी कंत्राटावरच हाय, त्याची बी फाटलीय. त्यो म्हनला, चार वाजता मोठं साहेब यायच्यात. त्याच्या आत व्हिडिओ गेला तर मी सांगतो, ताव भंगारवाल्याकडनं गेला आसंल. न्हाई तर गेटवरचं सीसीटीव्ही काढनार. त्यात माझी पिशवी हाय."

"तेवढी पट्टी धूसर करता येईल, मावशी. मी करते. अर्धा तास लागेल."

"त्यो म्हनला, दिसलाच न्हाई पायजे. अख्खा." मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "कायम करायच्या यादीत नाव हाय माझं. सात वर्सांनी. फुडल्या म्हयन्यात लागती यादी."

एवढं बोलून ती थांबली. काढून टाक असं ती म्हणाली नाही. राहू दे असंही म्हणाली नाही. आम्रपाली वाट बघत राहिली. कुठंतरी आत, स्वतःचीच लाज वाटावी अशा कोपऱ्यात, तिला वाटत होतं की मावशीनं म्हणावं, राहू दे गं, बघून घेऊ. एकतीस हजार. परत कधी होतील? जिला धड आंघोळीला वेळ मिळत नाही तिच्याकडून?

"टोकनं तीन झाली," मावशी मध्येच म्हणाली. "काल लावली. तिनी खिळे नवे हायत."

"खरं?"

"मग! लाइनवरची मिनल तर दोनदा जाऊन आली, गरज नसताना."

दोघी हसल्या. तोंडावर हात ठेवून, पोरगी उठू नये म्हणून.

"एकदा दाव मला सगळा," मावशी म्हणाली. "लाइनवर गलक्यात धड बघितलाच न्हाई. घालवायच्या आदी बघू तर दे."

म्हणजे ठरलं होतं. आम्रपालीनं तिच्या शेजारी बसून व्हिडिओ लावला, आवाज अगदी बारीक करून. तीन मिनिटं दहा सेकंद. मावशी स्वतःच्या गुदमरण्याला हसली. पुठ्ठ्याची बाई खिळ्याकडं बघत उभी राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर आली, तेव्हा मावशीचे पायही नकळत एकमेकांवर चढले. शेवटी टोकन मिळतं, बाई पाठ फिरवून चालू लागते आणि घंटा होते. तिला तिथूनच मागं फिरावं लागतं. मावशी स्वतःच्या गोष्टीचा शेवट पहिल्यांदा कळावा तशी "आरं द्येवा" म्हणाली.

आम्रपालीनं तीन ठिपके दाबले. मोबाइलनं विचारलं, नक्की? तिनं हो म्हटलं. चॅनल उघडून बघितलं, तर छत्री होती, जळलेली भाजी होती, 'टोकन'ची जागा मिटून गेली होती. बायकांच्या कमेंटीही त्याबरोबरच गेल्या. उत्तरं द्यायची राहिली ती राहिलीच.

"झालं?" मावशीनं विचारलं.

"झालं."

"तू जेवलीस का?"

आम्रपालीला आठवेना. मावशी उठली, झाकणं उघडून बघितली, भात कालवून तिच्या पुढ्यात ठेवला आणि सृष्टीपाशी जाऊन आडवी झाली. कोट न काढताच तिला डोळा लागला.

साहेब आले, गेले. भंगारवाल्यावर निभावलं. ओंकारनं मावशीला एवढंच म्हटलं, "काकू, आता पिशवीत फक्त डबा." आम्रपालीनं पुढचे आठ दिवस पोळपाटाला पोळ्यांसाठीच हात लावला. दुपारी सृष्टीबरोबर तीही झोपायची. झोप यायची, थकवा तसाच राहायचा.

नवव्या दिवशी धम्मरत्न पहिली शिफ्ट करून साडेचारला घरी आला तो बूट न काढताच. "हे बघ. आमच्या ग्रुपवर आलंय. हिंजवडीतल्या कॅबवाल्यांच्या ग्रुपवर पण आहे म्हणे."

पुठ्ठ्याची बाई. खिळा. कस्तुरामावशीचा आवाज. कुणीतरी आधीच उतरवून घेतलेला 'टोकन' दुसऱ्याच कुठल्या पानावर चालला होता. सुरुवातीचं आम्रपालीचं नाव कापलेलं होतं. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या पानाच्या नावाची जाडजूड लाल पट्टी. बघणारे दोन लाखांवर. कमेंटीत बायका भांडत होत्या: ही आमची रांजणगावची कंपनी. नाही ताई, वाळूजची. आमच्या दवाखान्यात सुद्धा असंच आहे, फक्त टोकन प्लास्टिकचं.

"तक्रार कर," धम्मरत्न तापला होता. "चोरलंय सरळसरळ. मूळ तुझ्याकडं आहे ना? ते दाखव, दोन दिवसांत नाव येतं."

"थांब, शेवट बघू दे."

बाईनं टोकन घेतलं. पाठ फिरवली. चालू लागली. जिथं काठ होता तिथं आता लाल पट्टी होती. पट्टीच्या वर बाईची पाठ, अंबाडा, हातातलं टोकन. अक्षर एक दिसत नव्हतं.

आम्रपालीनं ते तीनदा मागं नेऊन बघितलं. मग मोबाइल नवऱ्याच्या हातात दिला.

"नाही करायची तक्रार."

"अगं, पण नाव…"

"मूळ दाखवायचं म्हणजे काठ दाखवायचा."

 धम्मरत्न खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. "तीन महिने घातलेस त्यात," तो पायांकडं बघत म्हणाला. तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. त्यात कंपनीची धूळ होती.

दुसऱ्या दिवशी मावशीची साप्ताहिक सुट्टी. दुपारी ती वर आली तेव्हा ओट्यावर वाण्याकडचं साबणाचं खोकं पडलं होतं आणि आम्रपाली ओल्या फडक्यानं त्यावरची छपाई सोलत होती. सोलून झालं की उजेडात धरायची, परत सोलायची. पुठ्ठा मऊ होता, बाई ताठ उभी राहीना. मावशीला तिनं लाल पट्टीचा व्हिडिओ दाखवला. मावशीनं शेवटापर्यंत बघितला.

"काठ झाकला की गं मेल्यानं."

"बरंच झालं, मावशी."

"बरं झालं. पन उघडी दिसती लुगड्याबिगर." मावशीनं पोळपाटावरची नवी बाई उचलली, पुढून बघितली, मागून बघितली, बोटानं तिच्या पायाशी आडवी रेघ ओढून दाखवली. "हिला काढ की काठ. पेनानं काढ. पेनाचा काढला तर कोन काय म्हनतंय?"

आम्रपालीनं सृष्टीच्या उशालगतच्या खोक्यातून निळा स्केचपेन काढला. टोक पोरीनं चावून बसवलं होतं, पण लिहीत होता. अडीच वाजत आले होते. टाकीची सावली ओट्याच्या कडेला टेकली होती. हाताशी दहा मिनिटं होती, फार तर. मावशीनं बाई दोन्ही बाजूंनी घट्ट धरली, हलू नये म्हणून, आणि आम्रपालीनं श्वास रोखून पायाशी निळी रेघ ओढायला घेतली.