कोपऱ्यातला टॉवेल

मी लालासाहेब. पंचाहत्तर साली सांगलीत मी जे केलं, ते सांगताना आजबी सोताच्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

आमचं दाजी, म्हंजे माझ्या बहिणीचा, हरणाबाईचा नवरा केरबा, एके काळी पलटणीचं बॉक्सिंग चॅम्पियन. पेन्शनीवर साताऱ्यात येऊन सात वर्षं झालेली, वय बेचाळीस, पोट सुटलेलं. सांगलीच्या एका क्लबाला पोरं शिकवायला उस्ताद पायजे हुता. त्यांनी अट घातली, आमच्या कृष्णातम्होरं तीन राऊंड टिका, मग जागा तुमची. जिंकायचं न्हाई, निस्तं टिकायचं. दाजी म्हणालं, "लाला, ही जागा गेली तर मी घरात बसून कुजणार बघ."

कृष्णात आष्ट्याचा, बावीस वर्षांचा, निव्वळ रेडा! दाजींपेक्षा वीतभर उंच. मी म्हणालो, "आवं दाजी, ही काय जोड हाय व्हय?" ते हसलं आन बादली-टॉवेल देऊन मला त्यांच्या कोपऱ्यात उभं केलं. मी कुस्तीचा माणूस. बॉक्सिंगमधलं ओ का ठो कळत न्हवतं, आन इचारायची लाज.

पयल्या दोन राऊंडात दाजींना लय मार बसला. भुवई फुटली, नाकातनं रगात. हरणाबाई पदर तोंडात धरून बसलेली. मी सारखा म्हणत हुतो, "पडू नगा, दाजी, पडू नगा!" तिसऱ्यातबी तेच. शेवटचं अर्धं मिनिट ऱ्हायलं, आन दाजींनी खालनं असा ठोसा हाणला की कृष्णाताचं गुडघंच वाकलं! सगळं लोक उठलं. मला तर काय सुधरंना. आमच्या मैदानात मल्लानं डाव मारला की फेटं उडत्यात. माझ्या डोक्याला फेटा न्हवता, हातात टॉवेल हुता. "वाघ हाय, वाघ!" म्हणून त्योच उडवला. रिंगच्या मधोमध पडला.

पंचानं लढत थांबवली आन कृष्णाताचा हात वर केला.

मी येड्यागत बघतच ऱ्हायलो. "आवं, हे काय?"

"कोपऱ्यातनं टॉवेल आला म्हंजे हार कबूल," पंच म्हणाला. क्लबवाल्यांनी तोंडं फिरवली. माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

तेवढ्यात हरणाबाई पळत आली आन माझ्या पायावर डोकं ठिवलं. "दादा, माझं कुंकू राखलंस रं!"

दाजी स्टुलावर बसलं हुतं. मी त्यांचं पाय धरलं. "दाजी, आईच्यान सांगतो, मी खुशीनं उडवला! कुस्तीत उडवत्यात तसा!"

रागावलं असतं तर बरं झालं असतं. सुजलेल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. "ऱ्हाऊ दे, लाला. बहिणीसाठी केलंस, त्यात वाईट काय न्हाई. पर खोटं नगं बोलू."