चेलोची वरची फळी

व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंच्या नवऱ्यानं त्या दिवशीही तोंड उघडलं नाही. बाईंनी चमचा ओठांना लावला, लाडीगोडी लावली, दटावलं, शेवटी हात जोडले. सूप हनुवटीवरून ओघळून सदऱ्यावर सांडलं. ते समोर बघत राहिले.

समोर त्यांचं वाद्यं घडवायचं बाक होतं आणि बाकावर एका चेलोची, व्हायोलिनच्या थोरल्या भावंडाची, वरची फळी. बाहेरून घडून झालेली, आतून अर्धवट कोरलेली. ती कोरतानाच त्यांना झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. इस्पितळातून घरी आणल्यावर त्यांनी डाव्या हातानं खूण केली ती एकच, मला माझ्या खोलीत न्या. तेव्हापासून खुर्ची बाकापाशी आणि नजर त्या फळीवर.

ते लाकूड त्यांनी लग्नाच्या आधीपासून वाळवत ठेवलं होतं. सरळ, बारीक रेषांचं, टिचकी मारली की घुमणारं. कुणी कितीही नावाजलेला वादक आला तरी "त्याला हात लावायचा नाही" म्हणायचे. "ही माझी सवत," बाई आल्यागेल्याला सांगायच्या, "माझ्याआधी घरात आलीय, तोरा दाखवणारच." यंदा लेकीला वाद्यवृंदात जागा मिळाली, तेव्हा कुठे सवतीला बाहेर काढलं होतं.

"हात हलवायला मी शिकवीन," व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी जाताना दारात हळूच म्हणाली, "पण बाई, त्यांना जगायचंच नाहीये. ते मी कुठून आणू?"

डॉक्टर तर स्पष्टच बोलले होते. दोन दिवसांत खाल्लं नाही तर नाकातून नळी.

दुपारी पुढच्या खोलीत शिकवणी होती. एक चिमुरडी व्हायोलिनच्या तारांवर गज करकर ओढत होती. "खांदा सैल सोड, बाळा," असं म्हणता म्हणता बाईंचा स्वतःचाच खांदा गळून गेला. "आज पुरे," त्या म्हणाल्या, "आईला सांग, बाईंना बरं नाही." पोरगी आनंदानं पळाली.

बाई आत गेल्या. खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"अहो, ऐकताय का? लेकीचा चेलो कोण पुरा करणार?"

त्या भिंतीकडे वळल्या.

"बरं. मग मीच करते."

त्यांनी भिंतीवरची गोल पटाशी काढली. आयुष्यात त्यांनी त्या भिंतीवरच्या कशालाही हात लावला नव्हता. फळी पोटाशी धरली आणि पटाशी टेकवली. पहिला ढलपा नीट निघाला. दुसरा रेषेच्या उलट गेला आणि लाकूड चरचरलं. त्यांनी वळून पाहिलं. वाटलं होतं, आता हा माणूस पेटून उठेल, निदान डोळे तरी वटारेल.

कारागिरांनी डोळे मिटून घेतले.

बाईंच्या आत काहीतरी तुटलं. तोवर ते नाटक होतं, आता उरलं नाही. "डोळे उघड!" त्या ओरडल्या. सगळ्या संसारात नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "उघड म्हणते ना! तू सुटशील रे, मी काय करू? या चार खोल्यांत लोकांच्या पोरांची करकर ऐकत एकटी बसू? सांग ना, कुठे कापू? इथं? की इथं?"

पटाशी कुठे लागतेय याचं त्यांना भान नव्हतं. ढलपे उडत होते, डोळ्यांतल्या पाण्यानं काही दिसत नव्हतं. मग हाताखालचा विरोध एकाएकी संपला. पटाशी फळीतून आरपार गेली आणि पलीकडे धरलेल्या तळव्यात शिरली.

खोलीत एक आवाज झाला. बाईंना आधी कळलंच नाही तो कुणाचा. माणसाचा वाटत नव्हता. कारागीर डाव्या हातानं खुर्चीचा हात पकडून उठू बघत होते, तोंड वाकडं करून, छातीतून काहीतरी खेचून काढत होते. खुर्ची कलली. बाई धावल्या, पण वजन पेलवलं नाही, दोघंही ढलप्यांत कोसळली. पडल्या पडल्या त्यांनी बाईंच्या खांद्यावर गुद्दा मारला. मग आणखी एक. बाईंनी मारू दिलं. जायबंदी माणसाच्या मानानं गुद्दा चांगला जोरात होता.

शेजारच्यांनी येऊन उचललं तेव्हा ते भोक पडलेली फळी छातीशी धरून होते. सोडायला तयार नव्हते.

संध्याकाळी लेक आली. बाईंनी मुकाट्यानं वाटी तिच्या हातात दिली, स्वतः समोर जायची हिंमत नव्हती. ओट्यापाशी उभं राहून त्या भांडी घासू लागल्या. तळव्याच्या पट्टीतून रक्त झिरपत होतं.

आतून लेकीचा आवाज आला. "बाबा, हे काय? कुणी केलं हे?"

मग धापा, घशातली घरघर आणि फुटक्या आवाजात एक शब्द.

"हि... हिनं."

"कुणी? आईनं?"

"हिनं! हिनं!"

झटक्यानंतरचा पहिला शब्द आणि तोही चहाडीचा. बाईंनी नळ पुरता सोडला, म्हणजे हुंदका आत जायला नको. थोड्या वेळानं लेक रिकामी वाटी घेऊन आली. "रागानं खाल्लं गं," ती कुजबुजली. "दर घासाला दाराकडे बघत होते, तू दिसतेस का म्हणून."

उजवा हात पुन्हा कधी चालला नाही. लेकीला वाद्यवृंदासाठी दुसऱ्याचा चेलो मागून आणावा लागला. फळीबद्दल बाईंना माफी मिळाली नाही. त्यांनी मागितलीही नाही, कारण तो राग गेला तर त्याच्या जागी काय येईल याची त्यांना धास्ती होती.

एका सकाळी बाकाकडून सरपटल्यासारखा आवाज आला. कारागिरांनी कोपऱ्यातली एक साधी फळी खुर्चीतूनच वाकून डाव्या हातानं बाकावर ओढली होती. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि हनुवटीनं फळीचं टोक दाखवलं. बाईंनी ते दोन्ही हातांनी घट्ट दाबलं.

रंधा वाकडा गेला. पुन्हा घेतला, पुन्हा अडकला. तिसऱ्या खेपेला हातातून निसटून जमिनीवर आदळला आणि कारागीर बाकावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडू लागले. बाईंनी रंधा उचलला, त्यांच्या हाताशी ठेवला आणि पुन्हा फळीचं टोक धरून उभ्या राहिल्या.