घरचं माणूस आधी बोलतं

"फुंकर मार गं चिमणे, तुझी फुंकर लागते!"

मामाचा आवाज. ती तेव्हा सात वर्षांची. दुपारचं जेवण आटोपलं की पुरुषमाणसं पत्त्यांना बसत. मामा हातातल्या पानांचा पंखा तिच्या ओठांपुढे धरायचा, ती गाल फुगवून फुंकर मारायची आणि मामा डाव जिंकला की तिला खांद्यावर घेऊन नाचायचा. "हा बघा माझा हुकमाचा एक्का!" हरलेले डाव तिला कुणी मोजून दाखवले नाहीत. मामाचं पुढे काय झालं, ते घरात दबक्या आवाजातच बोललं जाई. तिच्या कानात तेवढंच राहिलं, अत्तराच्या बोळ्यासारखं: तुझी फुंकर लागते.

आता ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि त्या आवाजाचा गळा सापडला असता तर तिने दोन्ही हातांनी आवळला असता.

राग एकट्या मामावर नव्हता. सगळ्यांवरच होता. दवाखान्यात घालायचे पांढरे कोट शिवणाऱ्या कारखान्यात ती काजं करायची. काजाचं मशीन आधी भोवतीने टाके घालतं, मग मधोमध सुरी मारतं. टाके घालताना दोरा तुटला आणि तुमचं लक्ष नसलं, तरी सुरी यायची ती येतेच. नुसती भोकं पडतात. त्या आठवड्यात तिने सहा कोट असे वाया घालवले. शेजारच्या मशीनवर बसणारी आक्का तोंडाने कधी विचारायची नाही, गाण्यातून विचारायची:

"सुईच्या नाकामध्ये दोरा शिरता शिरेना,
रागावल्या जिवाला बाई शब्द एक पुरेना."

"आक्का, गप बसा."

"मी कुठे बोलतेय? गातेय."

"गाऊही नका."

आक्काने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि कॉलर पुढे सरकवली. "कोटाने काय वाकडं केलंय गं तुझं? त्याला कशाला भोसकतेस?"

वाकडं कुणीच केलं नव्हतं, हीच तर आग होती. चौदा महिने तिने तो पैसे लावायचा खेळ पाहिलाही नव्हता. मोबाइलवरचं ते रंगीत चक्र, फिरताना होणारा तो टिकटिक आवाज, सगळं कानाला खडा लावून सोडलं होतं. स्वतःकडे साधा बटणांचा फोन. पगार नवऱ्याच्या हातात. नवऱ्याच्या फोनला नवं कुलूप, त्याचे आकडे तिला सांगायचे नाहीत असं ठरलेलं. आणि नवऱ्याने आकडे कोणते ठेवावेत? तिने खेळ सोडला ती तारीख! जगात दुसऱ्या कुणाला ही अक्कल सुचली नसती. त्याला त्या तारखेचा अभिमान होता. एका शनिवारी दुपारी तो जेवून आडवा झाला, फोन उशाशी होता, आणि तिच्या बोटांनी पहिल्याच फटक्यात ते आकडे दाबले. कुलूप उघडलं तेव्हा तिला आधी रडू आलं. मग ती न्हाणीघरात गेली आणि कडी लावली.

अकरा दिवस हे चाललं. स्वतःचं एखादं वापरलेलं शिलाई मशीन घेण्यासाठी बाजूला टाकलेलं सगळं त्या चक्रात गेलं. बाराव्या दिवशी बँकेचा निरोप नवऱ्याने वाचला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी बोलतो त्याच आवाजात तो तिला म्हणाला, "घाबरू नकोस. होतं असं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू."

झालं! तेव्हापासून घरात जो गोडवा सुरू झाला त्याने तिला गुदमरायला झालं. सकाळी तिच्या आधी उठून चहा. तिचा डबा तोच भरणार. फोनवर तिच्या बहिणीला सांगणार, "नाही हो, मला काही कळलंच नाही. कळलं असतं तर थांबवलं नसतं का?" बहीण म्हणणार, "भावोजी, तुम्ही देवमाणूस आहात." आणि ती ओट्याशी उभी राहून भांडं असं घासणार की त्याचा तळच निघावा.

कारण त्या पहिल्या शनिवारी, न्हाणीघराच्या दाराखालच्या फटीतून, तिला पाय दिसले होते.

राखाडी मोजे, उजव्या अंगठ्याशी विरलेले. तिनेच रफू केलेले. दोन पाय दाराशी आले आणि थांबले. चक्राचा आवाज तिने बंद केला नव्हता, विसरली होती. तिने श्वास रोखून धरला. आता कडी वाजेल, आता तो हाक मारेल, आता सुटले. सुटले असंच वाटलं होतं तिला, सापडले असं नाही. पाय बराच वेळ तिथे होते. मग वळले आणि गेले. ती बाहेर आली तेव्हा तो पलंगावर डोळे मिटून पडला होता, फोन पुन्हा उशाशी ठेवणाऱ्या तिच्या हाताकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

पुढचे दहा दिवस तो रोज घरी आला की फोन उशाशी ठेवून आडवा होत राहिला.

रविवारी दोघं जुगार सोडणाऱ्यांच्या गटाच्या बैठकीला गेली. वाचनालयाच्या माडीवरची खोली, घडीच्या खुर्च्या, खिडकीला अर्धाच पडदा. गट चालवणारे मास्तर पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे आणि घोड्यांच्या शर्यतीत राहतं घर हरून बसले होते. त्यांचा एक नियम होता. जो पुन्हा जुगारात पडला त्याने त्या दिवशी तोंड उघडायचं नाही. आधी घरचं माणूस बोलणार. त्याला पहिल्यांदा काय दिसलं, कधी शंका आली, ते सांगणार. त्यानंतरच पडलेल्याचा न खेळण्याचा पहिला दिवस मोजायला घ्यायचा.

"कारण आपण सगळे बोलघेवडे," मास्तर हसून म्हणाले. "खोटं बोलण्यात आपला हात कोण धरणार?"

"माझी बायको धरते," कोपऱ्यातला टॅक्सीवाला म्हणाला. "सासरी आनंदात आहे म्हणून माहेरी सांगते."

सगळे हसले. तीही हसली असती, पण जबडा आवळून धरलेला होता.

नवरा उठला. सदऱ्याची खालची कड ओढून सरळ केली. "मला काय दिसणार? मी दोन-दोन पाळ्या करतो. ती अगदी नेहमीसारखी होती. मला खरंच काही कळलं नाही. पण माझा तिच्यावर राग नाही. मी तिच्या पाठीशी आहे."

कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले. मास्तरांनी बोट वर केलं तसे ते हात मांडीवर परत गेले.

"काहीच दिसलं नाही?"

"नाही."

"अकरा दिवस?"

"सांगितलं ना, नाही!"

मास्तरांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण मग आज पहिला दिवस नाही. पुढच्या रविवारी या."

तिला वाटलं, कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. बँकेचा निरोप आल्यापासून तिने या एका दिवसावर जीव टांगून ठेवला होता. आज मोजणी सुरू होईल, आज पायाखाली एक पायरी लागेल. तीही याच्या चांगुलपणाने काढून घेतली.

जिन्यात तो पुढे होता. "फारच कडक आहेत गं मास्तर," तो म्हणाला. "चल, वाटेत चहा घेऊ."

तळपायाची आग मस्तकात गेली. "चहाला आग लागो तुमच्या!"

"अगं, हळू. लोक ऐकतील."

"ऐकू देत! चोर मी, खोटारडी मी, घर बुडवणारी मी. सगळं कबूल. आणि तुम्ही कोण? देवमाणूस! मला देवमाणूस नकोय. देवमाणसाशेजारी बसून मी कुठला पहिला दिवस मोजू?" तिने कठडा धरला. "तुमचे पाय दिसले होते मला."

तो थांबला.

"राखाडी मोजे. दाराबाहेर. एक थाप मारली असती तर मी कडी काढली असती. कडीवर हात होता माझा! का नाही मारलीत?"

खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, घरघरून बंद पडत होती. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. ती वाट पाहत होती की आता तो म्हणेल, तुला लाज वाटू नये म्हणून. तुझ्यावर विश्वास होता म्हणून. असलं काही म्हणाला असता तर ती त्याला तिथेच सोडून एकटी घरी गेली असती.

तो वळला आणि तिच्या बाजूने पुन्हा जिना चढायला लागला, जड पावलं टाकत. तीही मागे गेली, काय करतोय ते न कळून.

माडीवर टॅक्सीवाला खुर्च्या घडी करून भिंतीला लावत होता. मास्तर खिडकी ओढून घेत होते.

"मास्तर," नवरा दारातूनच म्हणाला. आवाजात लिफ्टमधल्या माणसांना द्यायचा धीर उरला नव्हता. "मी खोटं बोललो."

मास्तरांनी खिडकी तशीच सोडली. टॅक्सीवाल्याने उचललेली खुर्ची आवाज न करता खाली ठेवली.

"मी दाराबाहेर उभा होतो. चक्राचा आवाज येत होता. हात वर केला होता मी, थाप मारायला." त्याने तो हात वर करून दाखवला, आणि मग तो कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. "हिची देणी फेडायला तीन वर्षं मी दोन पाळ्या करतोय. गुडघे गेलेत माझे. हिला सांगितलं नाही, कारण मी चांगला आहे ना! मला वाटलं, एकदा जिंकू दे हिला. एक पाळी तरी सुटेल. मी हात खाली घेतला. रोज फोन उशाशी ठेवला तो मुद्दाम ठेवला."

तो तिच्याकडे वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर राग होता, उघडा, कुरूप.

"आणि बँकेचा निरोप आला तेव्हा मला तुझी चीड आली. तू खेळलीस म्हणून नाही. हरलीस म्हणून."