दोनात एक

९ नोव्हेंबर, रविवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. जेवणाच्या टेबलावर बावन्न पत्ते होते आणि धाकटी त्यांतले दोन वेगळे काढत होती: एक काळा, एक लाल.

"दोनच पत्ते. पहिला काळा आला, तर दुसरा लाल येण्याची शक्यता किती?" वडिलांनी विचारले. ते कारखान्यात सुट्या भागांची मापे तपासत. बोलता बोलता उरलेल्या पत्त्यांच्या कडाही त्यांनी एका रेषेत आणल्या.

"शंभर टक्के," ताई सोफ्यावरून म्हणाली. "आपल्या घरचंच गणित. काळा मी उचलला, लाल हिला उरला. दहावीच्या बाईंना म्हणावं, आमच्याकडे शिकवणी लावा."

"ताई, गप्प बस गं."

आईने कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी पाणी टेबलावर सांडलेच. ही थरथर तिला तिच्या वडिलांकडून आली होती. मार्चमधल्या रक्ततपासणीनुसार पुढे कधीतरी ती ताईच्या हातांत उतरणार होती. त्या दिवशी सगळे रडले. आईने मात्र धाकटीला कुशीत ओढून म्हटले होते, "तू सुटलीस." धाकटीचे रक्त कुणी तपासलेच नाही.

धाकटीने पुढचा प्रश्न वाचला. "पहिला पत्ता परत ठेवून पिसल्यास?"

"मग पहिल्याचा दुसऱ्याशी संबंध उरत नाही. प्रत्येक वेळी नवा डाव."

तिने पत्ता परत ठेवला, दोन्ही पिसले. पण काढला नाही.

"बाबा, आजारात काय करतात? परत ठेवतात?"

"म्हणजे?"

"ताईला दिला म्हणून आईतला संपला थोडाच? मी झाले तेव्हाही तो तिच्यात होताच की."

वडिलांची बोटे थांबली.

"डॉक्टरांनीच सांगितलंय, दोघींत एकीला." ते आईकडे वळले. "तूच होतीस ना आत? मी खाली औषधं घेत होतो."

"हो, मीच. दोनात एक, म्हणाले."

"दोनात, की दोघींत?" धाकटीने विचारले.

"तेच ते. मला मुलीच दोन. दोनात एक म्हणजे आणखी काय असणार?"

ताई उठून टेबलापाशी आली. मघाची थट्टा तिच्या चेहऱ्यावरून पुसायची राहून गेली होती.

"मला वाटायचं," ती बहिणीला म्हणाली, "निदान तुझ्या वाटचं तरी मी घेतलं..."

तिने पालथे पडलेले दोन्ही पत्ते तळव्याखाली झाकले.

"मी चुकीचं ऐकलं का गं?" आईने विचारले.

"नाही आई," धाकटी म्हणाली. "बरोबर ऐकलंस."

मग तिने वही जवळ ओढली आणि उत्तर लिहिले.

१/२