ताडपत्रीमागचे बारा झेंडे

जूनमध्ये बँडच्या खोलीत मी वर्षभराच्या सरावाचा कागद टेबलावर पसरला. आमच्या शाळेच्या बँडपुढे झेंडे फिरवणाऱ्या मुलींना मी अकरा वर्षं शिकवते आहे. पहिले तीन आठवडे नुसती फिरकी, मनगट सरळ, काठी सगळ्यांची एकाच क्षणी थांबली पाहिजे. ते पक्कं झालं की मगच काठी हवेत फेकायची.

"छान आहे गं, मार्लिस," लाइल म्हणाला. कार्यक्रम बसवून द्यायला आमच्या बँडमास्तर ड्वाइटने त्याला इंडियानापोलिसहून बोलावलं होतं. "पण पुढच्या ओळीत कोण, ते कुठंय?"

"जिची फिरकी चांगली, ती."

त्याने गेल्या वर्षीचा फोटो ओढला आणि मार्करने चार सडपातळ मुलींभोवती गोल काढले. मग मार्करचं टोक त्याच फोटोतल्या जाडसर रोझलिनच्या पोटावर टेकवलं. "आणि हिला देखाव्याच्या मागच्या भिंतीआड टाक. पोशाख अंगाला चिकटणारा आहे. स्पर्धेच्या पंचांना हे कशाला दाखवायचं?"

ड्वाइट कोकचा घोट घेत हसला. मला शिसारी आली. त्या हसण्याची जास्त, कारण आधीची दोन-तीन वर्षं असल्या बोलण्यावर मीही हसले होते.

ऑगस्टच्या शिबिरात, पार्किंगच्या तापलेल्या डांबरावर, मी काळी ताडपत्री बांधली. बाराही मुली मागे. वरून फक्त झेंडे दिसत होते.

"पुढे कोण, तूच निवड," मी लाइलला म्हटलं. ड्वाइट शेजारीच उभा होता.

त्याने दोनदा पाहिलं. "डावीकडून चौथा. काय स्वच्छ हात आहे! त्याला मधोमध घे."

मी ताडपत्री सोडली. चौथी रोझलिन होती.

"हात्तिच्या!" लाइल म्हणाला. "बरं, मग हिला तंबूएवढा झगा शिवू."

तिने ते ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

"ड्वाइट, जिची फिरकी चांगली, तीच पुढे राहील, आणि तंबू वगैरे काही नाही," मी म्हणाले. "नाहीतर मी आत्ता घरी चालले."

 ड्वाइट स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "पोशाख बदल, लाइल. सगळ्यांचाच. सैल शीव."

मी जिंकले, असं मला तासभर वाटलं. मग झेंडे गुंडाळताना रोझलिन जवळ आली.

"मिस केटनर, ताडपत्री कशाला बांधली होती?"

"सगळ्यांची फिरकी नीट दिसावी म्हणून गं."

"खोटं नका ना बोलू." तिचा आवाज अगदी साधा होता. "मला झाकल्याशिवाय माझा झेंडा कुणाला दिसणार नाही, असं तुम्हालाही वाटलं. आणि मग सगळ्यांसमोर उघडं केलंत. मला आधी विचारायचं तरी."

 लाइलची आली होती तीच शिसारी आता मला स्वतःची आली.

"चुकलं माझं," एवढंच म्हणाले.

"हो," ती म्हणाली, आणि काठ्या उचलून गेली.

सबंध मोसम ती मधोमध उभी राहिली. सकाळी सातच्या सरावाला सगळ्यांच्या आधी यायची. ऑक्टोबरच्या स्पर्धेत एकदाही तिची काठी पडली नाही. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलली. मोसमअखेरच्या निरोपाच्या जेवणाला तिच्या आईने ड्वाइटलासुद्धा मिठी मारली. माझा हात फक्त हातात घेतला आणि लगेच सोडला.